दोन बफरांच्या मध्ये

नातवंडांना घेऊन एकट्याने बाहेर पडण्याची परवानगी धनराज अहिरे यांना प्रथमच मिळाली होती, आणि तीही एका अटीवर. त्यांची मुलगी सविता हिने दारातच बजावले होते, "नाना, मुलांवर हात उगारायचा नाही. मी त्या हाताखाली वाढलेय. एकदा जरी उठला, तरी पोरं पुन्हा दिसायची नाहीत."

नानांनी मान डोलावली होती.

नाशिकरोडला एका जुन्या मालगुदामात रेल्वेचे छोटेसे संग्रहालय होते. आत कंदील, घंटा, तिकिटे छापायचे यंत्र. बाहेर अंगणात रुळांच्या तुकड्यावर एक वाफेचे इंजिन आणि त्यामागे थोडे अंतर सोडून एक मालडबा. आठ वर्षांच्या विहंगने विचारले, "आजोबा, तुम्ही हे चालवायचात?"

"नाही रे. मी डबे जोडायचो."

"लेगोसारखे?"

"तसेच. पण हे लेगो चावतं."

विहंग खदखदून हसला. नाना हसले नाहीत.

यार्डात त्यांचा जोडीदार होता भिका. डबे जोडायला त्यांच्या मध्ये आत शिरण्यापूर्वी लाल झेंडी दाखवायची, ड्रायव्हरने ती पाहिल्याची खूण मिळेपर्यंत पाऊल टाकायचे नाही, असा तिथला दंडक होता. एका पहाटे भिका घाईत तसाच शिरला. शिट्टी झाली, डबा सरकला आणि डब्यांच्या टोकांना धक्का झेलायला बसवलेले दोन लोखंडी बफर त्याच्या छातीवर मिळाले. तो मेला नाही. बफरांनी दाबून धरले होते, म्हणूनच तो जिवंत होता; चहा मागत होता. डबा मागे घेताच तो संपणार, हे सर्वांना कळत होते. इंजिन मागे घेण्याची हिरवी झेंडी कोणी तरी दाखवणे भाग होते. ती नानांनी दाखवली.

त्यानंतर नानांचा हात बिघडला. सविता विहिरीच्या काठाशी, रस्त्याच्या कडेला, पेटत्या स्टोव्हजवळ दिसली, की आधी तो हात उठायचा. मग नाना काय झाले ते पाहायचे. एकदा तिच्या कानाचा पडदा फाटला होता.

इंजिनाची चाके रुळांना वेल्डिंग करून टाकली होती. तशी पाटी नानांनी आत येतानाच वाचली होती. संग्रहालयाचा सेवक वाल्मीक मुलांच्या हौसेखातर पंपाच्या हवेवर इंजिनाची शिट्टी वाजवून दाखवत असे. त्याने ती वाजवली, तेव्हा विहंगची पाच वर्षांची बहीण ओवी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये उभी राहून बफरवरच्या धुळीत बोटाने फूल काढत होती.

"भाईर निघ!"

नानांनी तिचा दंड धरून तिला अशी खेचली, की सांध्यात काही तरी कट्कन वाजले. ओवी खडीवर आपटली. नाना तिच्याकडे वळलेच नाहीत. ते वाल्मीकवर धावून गेले, त्याची गचांडी धरली आणि त्याचे डोके इंजिनाच्या पत्र्यावर आदळले.

"झेंडी न बघता शिट्टी देतोस? हरामखोरा, माणूस आत आहे!"

"अहो काका, हे इंजिन जागचं हलत नाही! जाम आहे ते!"

नानांनी पुन्हा आदळले. वाल्मीकच्या भुवईतून रक्ताची धार लागली. तिसऱ्यांदा आदळणार, तोच ओवीची किंकाळी त्यांच्या कानी पोचली, आणि मुठीतली कॉलर सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओवीचा निखळलेला खांदा बसवला. सविता ऑफिसातून धावत आली. नानांच्या सदऱ्यावरचे रक्त तिने पाहिले. ते कोणाचे, हे विचारले नाही.

विहंग रडत म्हणाला, "आई, आजोबांनी तिला मारलं नाही गं. वाचवत होते."

"मलाही कधी मारलं नाही त्यांनी," सविता ओवीच्या हाताची झोळी नीट करत म्हणाली. "माझी आई असंच सांगायची."

ती मुलांना घेऊन रिक्षात बसली. रिक्षा निघताना निरोपासाठी नानांनी हात वर केला, आणि ओवीने डोळे घट्ट मिटून घेतले.