अठ्ठावन्न घोडे

गाडीचा पिकअप बुडाला कळतो, हे मी पन्नास वर्षं सांगत आलो. पाय दाबला की सीट पाठीला कशी लागते, तेवढ्यावरून मी सांगायचो, टायमिंग मागे आहे, की पेट्रोल कमी येतंय, की क्लच घसरतोय. शाळा चौथीत सुटली. पण गाडीच्या बाबतीत मला चार गोष्टी शिकवील असा माणूस उल्हासनगरात नव्हता, अंबरनाथ-बदलापुरात तर नव्हताच. हे मी आजही म्हणतो. फक्त म्हणताना आता मध्ये जरा थांबतो.

माझी गाडीदुरुस्तीची शेड उल्हासनगरात, कॅम्प चारला. राहायला बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. दोन्हींच्या मध्ये रोज जा-ये करणारी माझी पांढरी गाडी, वीस वर्षांची. कंपनीने बनवली तशी ती माझ्याकडे आली, पण तशी मी तिला राहू दिली नाही. मूळचा सायलेन्सर काढून जाड नळी बसवली. टायर रुंद घातले. गाडी चालू केली की समोरच्या स्पेअर पार्टवाल्या सिंधी शेठच्या फळीवरचे डबे थरथरायचे. तो दुकानातून ओरडायचा, "साईं, गाडी आहे की विमान?" मला तेच ऐकायचं असायचं.

गेल्या वर्षी ठरवलं, आता हातून एक शेवटचं मोठं काम होऊ दे. इंजिनाचं हेड उतरवायचं, नवा कॅमशाफ्ट घालायचा, गाडी अजून पळवायची. सगळं सामान आणून ठेवलं. बोल्टला पाना लावणार, तेवढ्यात माझी सून म्हणाली, "बाबा, हात लावायच्या आधी गाडी मोजू या."

"मोजायची? गाडी काय साडी आहे?"

"आत्ता तिच्यात किती घोडे, म्हणजे किती हॉर्सपॉवर, आहेत हेच माहीत नसेल, तर नंतर किती वाढले ते कसं कळणार?"

"मला कळेल."

"तुम्हाला कळेल हो. गिऱ्हाइकाला कसं कळणार?"

आता ही गिऱ्हाइकाची गोष्ट मध्ये कुठून आली, ते सांगतो. सून अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होती. केसाएवढा फरक पकडायचं तिचं काम. कारखाना दुसरीकडे हलला आणि तिची नोकरी गेली. पुण्याकडच्या एका कारखान्याने बोलावलं होतं, महिनाअखेर कळवायचं होतं. पण तिच्या डोक्यात वेगळंच. हल्लीची पोरं गाडीत नाना वस्तू बसवतात आणि पळते की नाही ते आवाजावरून ठरवतात. त्यांच्या गाड्या आधी मोजायच्या, काम करायचं, पुन्हा मोजून दाखवायच्या, असा तिचा बेत. त्यासाठी तिला माझी अर्धी शेड पाहिजे होती. शेड नाही तर पुणं, आणि पुणं म्हणजे आठवड्यातून एकदा घरी. मुलगा मध्ये पडला नाही. तो मला ओळखतो.

मी शेड द्यायला तयार नव्हतो. चारचौघांत नाही कसं म्हणायचं म्हणून अट घातली. "माझ्या गाडीतली मला ठाऊक नसलेली एक गोष्ट तुझ्या मोजण्यातून दाखव. दाखवलीस तर अर्धी शेड तुझी."

मला वाटलं, झालं, मिटलं. माझ्या गाडीतलं मला ठाऊक नाही असं काय असणार?

शनिवारी तिने गाडी आधी भंगारवाल्यांच्या धर्मकाट्यावर न्यायला लावली. जिथे ट्रक तोलतात तिथे माझी गाडी उभी. वजन, वेग किती वाढला आणि किती वेळात वाढला, या तीन गोष्टी कळल्या की ताकदीचा हिशोब निघतो, असं ती म्हणाली. मी म्हटलं, वजन आरसी बुकात लिहिलंय, एक हजार दहा किलो. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी दिली. अकराशे साठ.

"काका, आत कोणी झोपलंय का?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, काटा खोटा आहे. मग हट्टाने गाडी अंबरनाथ पूर्वेच्या दुसऱ्या काट्यावर नेली. तिथेही अकराशे साठ.

सुनेने डिकी उघडली. स्टेपनी एक नाही, दोन. लोखंडी जॅक, साखळी, पान्यांची पेटी, जुनी बॅटरी. बदलापूरच्या रस्त्याला कोणाची गाडी बंद पडलेली दिसली की मी थांबतो, तेव्हा हे सगळं लागतं. मॅटखाली मी स्वतः मारलेला जाड पत्रा. आणि खालून डांबर. आमच्याकडे पावसात गल्लीत पाणी शिरतं, पत्रा कुजतो, म्हणून दर मे महिन्यात मी गाडीला खालून डांबर लावतो. जुना थर कधी खरवडला नाही. बोटभर झाला होता.

मी साखळी उचलायला गेलो तर ती म्हणाली, "राहू द्या. रोज जशी चालते तशीच मोजायची."

"म्हणजे मला हसायला?"

"म्हणजे खरी मोजायला."

रविवारी सकाळी आम्ही अंबरनाथच्या एका बंद कारखान्याच्या आवारात गेलो. तिथल्या मालकाच्या गाड्या मी कित्येक वर्षं केल्या होत्या, त्याने परवानगी दिली. आत एक सरळसोट काँक्रीटचा रस्ता. वॉचमन म्हणाला, "गाडी चालवा, पण माझ्या कुत्र्यांना धक्का लावू नका." चार कुत्रे बरोबर मधोमध पसरलेले. प्रत्येक फेरीआधी त्याने बिस्किटं दाखवून त्यांना बाजूला घ्यायचं, मग आम्ही निघायचं.

सुनेने काडेपेटीएवढी एक डबी काचेला चिकटवली. ती आकाशातल्या उपग्रहाकडून वेग घेते. टायरची हवा तिने स्वतः तपासली. मग मला म्हणाली, "तिसऱ्या गिअरला हळू चालवा. मी सांगितलं की पाय पूर्ण दाबा. गिअर बदलायचा नाही."

"का नाही?"

"गिअर बदलला की तुमच्या हाताची करामत मध्ये येते. आपल्याला गाडी मोजायचीय, तुम्हाला नाही."

असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं. मी पाय दाबला. नळी अशी गरजली की कुत्रे भुंकायला लागले. तीन फेऱ्या जाताना, तीन येताना, कारण उतार नि वारा एका बाजूने मदत करतो, दुसऱ्या बाजूने कापून घेतो. शेवटच्या फेरीला मला इतकं जोरात वाटलं की मी म्हटलं, "ही बघ. ही नव्वदच्या वर असणार." कंपनीच्या कागदावर नव्वद आहेत. माझ्या हिशोबाने मी ते शंभरावर नेले होते.

ती सावलीत बसून मोबाइलमध्ये आकडे बघत राहिली. 

"अगं, सांग ना."

"चाकापाशी पोचेपर्यंत थोडी ताकद वाटेत जातेच बाबा. पंचाहत्तर आले असते तरी चांगलं म्हटलं असतं."

"आले किती?"

"अठ्ठावन्न."

वॉचमनने मान वळवली. माणूस भला, कुत्र्यांकडे बघायला लागला.

"डबी खोटी आहे," मी म्हटलं.

"दोन्ही काटेही खोटे, डबीही खोटी?" ती हळूच म्हणाली. "आणि ती शेवटची फेरी, जी तुम्हाला सगळ्यात जोरात वाटली, ती सगळ्यात मंद होती. प्रत्येक फेरीला गाडी थोडी थोडी मंद होत गेलीय. का, ते मला माहीत नाही."

राग आला. पण त्या रागातही कान टवकारले. इंजिन अशक्त असतं तर सगळ्या फेऱ्या सारख्याच अशक्त आल्या असत्या. फेरीगणिक मंद होणं म्हणजे काहीतरी तापतंय. मी उठलो आणि चाकांना हात लावत गेलो. गिऱ्हाइकाची गाडी चालवून आणली की चारही चाकं हाताने चाचपल्याशिवाय मी कधी किल्ली दिली नाही. ही माझी जुनी रीत. स्वतःच्या गाडीला मात्र तो हात कित्येक वर्षांत लावला नव्हता. माझीच गाडी, तिला काय होणार?

तीन चाकं ठीक. मागच्या उजव्या चाकावर हात ठेववेना. बाटलीतलं पाणी ओतलं तर चर्र वाजून वाफ झाली.

"ब्रेक धरलाय," मी म्हटलं.

दोघंही खाली वाकलो. हँडब्रेकची तार जिथे नळीत शिरते, तिथलं तोंड डांबराने लिंपलेलं. माझ्याच डांबराने. हँडब्रेक एकदा ओढला की तार पूर्ण मागे सरकतच नव्हती. किती वर्षं मी ते चाक फरपटत हेंद्रेपाड्याहून कॅम्प चारला नेत होतो, देव जाणे. आणि वर सायलेन्सरच्या त्या जाड नळीचा आवाज एवढा, की माझ्या बुडाला वाटायचं गाडी उडतेय. जे माझ्या बुडाला कळायला हवं होतं, ते माझ्याच नळीने दाबून टाकलं होतं.

सुनेच्या कपाळाला डांबर लागलं होतं. अट तिने पुरी केली होती, पण तो विषय काढला नाही. उलट म्हणाली, "गाडी मंद होतेय एवढंच मला दिसलं. का होतेय ते हाताला कळलं. माझ्याकडे तो हात नाही."

मी खिशातलं फडकं काढून तिला कपाळ पुसायला दिलं. 

तो आठवडा मी गाडीखाली झोपून काढला. रॉकेलचा बोळा आणि लोखंडी पट्टी घेऊन डांबर खरवडलं. तार नवी घातली. डिकीतलं बाकी ओझं उतरवलं, साखळी आणि एक स्टेपनी मात्र ठेवली, ती मी मरेपर्यंत काढणार नाही. पुढच्या रविवारी आधी काटा, मग तोच रस्ता, तेच कुत्रे. सहासष्ट. नवीन वस्तू एकही नाही. ती म्हणाली, वजन उतरल्याने वेळ कमी झाला, पण हे आठ घोडे ब्रेकने अडवून ठेवलेले, ते सुटले.

त्या दिवशी मी कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट बाहेर काढली. शेडच्या माळ्यावर चढलो आणि गोणपाटात गुंडाळलेला मूळचा सायलेन्सर खाली काढला. अकरा वर्षं वर होता. भंगारात जुन्या गाड्यांची किती दारं गेली, हा मी दिला नव्हता. का दिला नव्हता, ते स्वतःला कधी विचारलं नाही.

"तुमच्याकडे होता?" सून बघत राहिली.

"धर खालून," मी म्हटलं.

तो बसवून पुन्हा मोजलं. सत्तर. जाड नळी नुसता आवाज देत होती आणि चार घोडे खात होती.

सोमवारी सकाळी शेड उघडली आणि तिला म्हटलं, "टेप आण."

"कशाला?"

"अर्धी म्हणजे अर्धी. पावलांनी मोजली तर उद्या म्हणशील म्हाताऱ्याने फसवलं."

ती टेपचं एक टोक धरून भिंतीला उभी राहिली, मी दुसरं. मधोमध खडूची रेघ मारली. माझा पान्यांचा बोर्ड तिच्या बाजूला जात होता. तिने तो काढू दिला नाही. मग पुण्याला तिने तिथूनच फोन लावला, मी बोल्ट गोळा करतोय असं दाखवत ऐकला. नाही म्हणताना तिचा आवाज मोकळा होता.

कॅमशाफ्ट अजून खोक्यात आहे. बसवणार, नक्की बसवणार. खोक्यावर तिने सत्तर लिहून ठेवलंय, म्हणजे नंतर मला थापा मारता येऊ नयेत. तिच्या बाजूला आता आठवड्याला दोन-तीन पोरं गाड्या घेऊन येतात, रविवारी आम्ही त्या मोजायला जातो. डबी ती बघते. फेरी झाली की चाकांना हात मी लावतो.

परवा सकाळी गाडी शेडसमोर उभी करून मी उतरलो. सिंधी शेठ डबे पुसत होता, त्याने मान वर केली आणि दचकला.

"अरे साईं! आलास कधी? कळलंच नाही!"

"पूर्वीपेक्षा लवकर," मी म्हटलं आणि कुलूप काढलं.