धाकट्याचं दुखणं

दवनीवाड्याजवळच्या खेड्यात देवचंद आणि उमराव हे दोघे भाऊ राहत. वाडवडिलांनी बांधलेल्या तलावाची पाळ दर उन्हाळ्यात माती टाकून सावरायची, हे काम देवचंद पुढं होऊन करून घेई. धाकट्या उमरावला मात्र विशीपासून आवेचा त्रास होता. पोटात मुरडा येई, रक्त पडे, मग काही महिने बरं वाटे, की पुन्हा तेच. मातीची पाटी टाकून तो झुडपांकडे पळे.

एकदा साऱ्या माणसांसमोर देवचंद ओरडला, "काऊन बे, काम दिसलं का तुले परसाकडे लागते?"

माणसं हसली. त्यानंतर उमरावनं पोटाचं नाव काढलं नाही. गडी सुधारला, असं देवचंदला वाटलं.

चाळिशीत उमरावचं पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. तेव्हा कुठं देवचंदनं त्याला गोंदियाहून आगगाडीनं नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि देवचंदला बाजूला घेतलं.

"रक्त कधीपासून पडतं?"

"लई वर्सं झाली जी."

"आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं आहे. अशा सुजलेल्या जागी कधीकधी कॅन्सरची गाठ धरते. ती आता यकृतापर्यंत पसरली आहे."

"आंधी आणलं असतं तं?"

"सूज वेळीच निवली असती, तर कदाचित इथवर आलं नसतं. पण छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही."

त्यातलं 'कदाचित' देवचंदच्या मनात रुतून बसलं. घरी आल्यावर भावाचं हगणं-मुतणं तो स्वतः काढू लागला. एका दुपारी पाय चेपता चेपता त्याचा बांध फुटला.

"उमराव, मी तुले पाळीवर तसं बोलाले नोको होतं."

उमराव क्षीण हसला. "दादा, तू दवाखान्यात चाल म्हणला असता तरी मी आलो नसतो. मले सुईचं भेव वाटे."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी देवचंद पोटभर जेवला.

भाताच्या रोवणीआधीच उमराव गेला. तेराव्याचे दिवस झाल्यावर उमरावची बायको कुंदाबाई आत बसून देवचंदच्या बायकोशी, सुभद्राबाईशी बोलत होती. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती कधी बोलत नसे. तो भिंतीपलीकडं बसलाय, हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाई, मागच्या साली त्यायनं दवाखान्यात जाले गाडी जुपली होती. मंग म्हणे, पाळीचं काम पडून राहिलं, दादा बोलन. अन् बैल सोडून देल्ले."

तिच्या आवाजात राग नव्हता. देवचंदला मात्र बसवेना. मरता मरता भाऊ आपल्यासाठी खोटं बोलला, आणि आपण ते ऐकून जेवलो!

तो दारापर्यंत आला, आत न पाहता म्हणाला, "सुभद्रे, तिले सांग, तो माह्याच भेवानं थांबला."

थोड्या वेळानं सुभद्राबाईनं त्याच्यासमोर ताट आणून ठेवलं. ते कुंदाबाईनं वाढलं होतं. देवचंद ताटाकडं पाहत राहिला. घास काही उचलवेना.