बरणीतलं माहेर

"माझं काही म्हणणं नाही," असं ते म्हणाले की समोरच्याने खुशाल समजावं, आता आपलं काही खरं नाही. अलिबागच्या एका कचेरीत ते नाझर होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. शिवाय आमची बिऱ्हाडं एका भिंतीची, त्यामुळे हे वाक्य मला दोन्हीकडे ऐकावं लागे. रजेचा अर्ज हातात घेऊन ते म्हणत, "माझं काही म्हणणं नाही. वडिलांचं श्राद्ध काय, दरवर्षी येतंच." अर्ज मुकाट्याने परत घ्यावा लागे.

तुमच्याही पाहण्यात रुसणारी माणसं असतील. पण रुसवा इतका जिवापाड जपलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नानंतरच्या दिवाळसणाला ते चौलला सासुरवाडीला गेले. जावयानं ताटावर रुसून बसायचं, सासऱ्यानं काहीतरी देऊन समजूत काढायची आणि मग हसतखेळत जेवायचं, हा रिवाज. यांना मनगटी घड्याळ हवं होतं. हे पाटावर हाताची घडी घालून बसले. सासरा पोफळीच्या वाडीत राबणारा सरळ माणूस. त्याला वाटलं, जावयाचं पोट बिघडलंय. "भूक न्हाय तर जुलूम करू नका," म्हणत त्यानं ताट उचलायला लावलं आणि वर चिमूटभर ओवा पाठवून दिला.

नाझर उठले ते उठलेच. पुढे त्यांनी चौलला पाऊल टाकलं नाही आणि बायकोलाही टाकू दिलं नाही. चौल काही काशीला नव्हे, मोटारीनं तासाभराचा रस्ता. सासरा काही वर्षांनी वारला. जावई कशावर रुसला होता ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, तेव्हाही जाऊ दिलं नाही. त्या आमच्याकडे येऊन चुलीपाशी बसून रडल्या आणि यांच्या चहाची वेळ झाली तशी उठून गेल्या.

अशा माणसाला बागेचा नाद लागला, तोही घरात. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी काचेच्या बरणीतल्या बागेचं चित्र पाहिलं आणि दुकानातली गोळ्यांची मोठी बरणी पैदा केली. तळाला खडी, वर कोळशाचा चुरा, त्यावर चाळलेली माती. विहिरीच्या कडेचं शेवाळ आणि हंसराजाचं नेचं मी आणून दिलं. वेताच्या काडीला चमचा बांधून ते तासन् तास बरणीत डोकं घालून बसत. झाकण लावलं की आतलं पाणी काचेवर चढे आणि परत खाली उतरे. "वरून थेंब घालायला नको," ते अभिमानानं सांगत. खरोखर देखणं काम होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग ते बायकोला विचारू लागले. तुमच्या वाडीत विहीर कोणत्या अंगाला? रहाट कसा होता? पोफळी किती रांगांत?

वहिनी मोहरून गेल्या. इतक्या वर्षांत यांच्या तोंडी चौलचं नावही आलं नव्हतं. "रहाट उगवतीला, अन् पलीकडं आयची तुळस," असं सांगताना त्या हातानं हवेत वाडी काढून दाखवत. माझी बायको म्हणाली, "भावोजी विरघळले हो." मलाही तसंच वाटलं.

बरणी पुरी झाली त्या दिवशी आम्हा शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. काडीचा रहाट, मेणाची तुळस, शेवाळाची हिरवळ, सगळं जागच्या जागी. वहिनींची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. सगळ्यांदेखत नाही म्हणणार नाहीत, अशा हिशेबानं त्यांनी विचारलं, "आयला बघून येऊ का? चार दिस."

नाझरांनी बरणी उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "माझं काही म्हणणं नाही. जा की. हे काय तुझं चौल."

दोघं-तिघं हसले. वहिनींनी कपबशा गोळा केल्या.

त्यानंतर महिन्याभरानं संध्याकाळी वहिनींचा भाऊ आला. दारातच टोपी काढून त्यानं यांच्या पायांशी ठेवली. रुसव्याचं कारण त्याला बहिणीकडून कळलं असावं, कारण त्यानं नवं कोरं मनगटी घड्याळ पुढे केलं. "भावोजी, तवा आमचं चुकलं. आय आजची रात काढत न्हाय. ताईला धाडा."

नाझरांनी घड्याळ घेतलं. सावकाश मनगटावर बांधलं, कानाला लावून पाहिलं. वहिनी तोवर पिशवी घेऊन उभ्याही राहिल्या होत्या. मग यांनी वेळ पाहिली.

"शेवटची मोटार सुटली की," ते म्हणाले.

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भावाबरोबर चालत निघाल्या. पोचल्या तेव्हा आई गेलेली होती. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, त्या परत आल्या नाहीत.

नाझर समजूत काढायला कोणी येईल म्हणून वाट पाहत राहिले. मोटारीचा आवाज आला की अंगात सदरा चढवत. पेन्शनीत निघाल्यावर एकदा त्यांनी मला बरणी दाखवली. रहाटापाशी मेणाची एक बाई उभी केलेली होती, पदर खोचलेली. "चेहरा काही जमत नाही," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "चौलला जातोस का? विचार तिला, येतेस का म्हणून." त्यांना कुणाला विनवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी गेलो. वहिनी पाटाचं पाणी पोफळीच्या आळ्यांत वळवत होत्या. शहाळं दिलं, माझ्या बायकोची चौकशी केली. मेणाच्या बाईचंही मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरणीत मला ठेवलंय म्हणता? मंग मी हाय की त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या. "अजून कशाला येऊ?"

निरोप मी एक शब्दही न गाळता पोचवला. नाझरांनी तो ऐकला, बरणीची काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

समजूत काढायला मीही गेलो नाही.