कुठेच न पोचणारा जिना

नव्वदच्या दशकात आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधल्या हेल्थ क्लबात जिना चढायचं मशीन आलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. पायऱ्या आपल्या फिरतायत, माणूस आपला चढतोय, आणि एवढा घाम गाळून पोचतो कुठे, तर जिथल्या तिथे! लिफ्टचं घर मिळालं म्हणून आम्ही नवरा-बायको खूश, आणि इथे लोक हौसेने जिने चढत होते.

त्याच उन्हाळ्यात मी सुट्टीवर पुण्याला गेले. आईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लग्नाआधी तो जिना मी धावत चढायचे. आता दुसऱ्या मजल्यावरच छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी पायरीवर बसकण मारली. अहो, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती मी! पण शारजात पाय चालायचे ते घर ते लिफ्ट आणि लिफ्ट ते गाडी. कोथिंबीर संपली तरी खालच्या बकाल्याला, म्हणजे तिथल्या वाण्याला, फोन केला की जुडी दारात. आई सत्तरीला आलेली. ती तरातरा खाली आली आणि माझ्या हातातली बॅग घेऊन म्हणाली, "हळूहळू ये गं. आज मी आहे खाली यायला. उद्या मी अंथरुणाला खिळले, तर तू माझ्यापर्यंत पोचणार कशी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आल्यावर सकाळच्या बायकांच्या वेळेत, सलवार-कमीज आणि बूट अशा अवतारात मी त्या मशीनवर चढले. महिन्याभराने माझ्या मुलीने पाहिलं आणि ती किंचाळली, "ममा, यू आर जस्ट हँगिंग! दॅट्स चीटिंग!" खरंच की! दोन्ही बाजूंच्या दांड्यांना मी वटवाघळासारखी लोंबकळत होते. सगळा भार हातांवर, पाय नुसते नावाला. दांड्या सोडल्या आणि काय सांगू, पोटऱ्या बोंबलायला लागल्या! पण हळूहळू दम टिकू लागला, मांड्यांत जोर आला. धावताना गुडघ्यांना बसतात तसे हिसकेही नव्हते. डॉक्टरांनी माझं कायम चढं असलेलं बीपी पुन्हा मोजलं, कारण ते उतरलंय यावर त्यांचाच विश्वास बसेना.

दर शुक्रवारी आईला फोन व्हायचा. मी मशीनचे पराक्रम सांगायचे, ती हसायची. "तू कशी आहेस?" विचारलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?" गल्फच्या फोनवर दुखणं सांगायचंच नाही, ही दोन्हीकडची रीत. इतक्या लांबून माणूस करणार काय, उगाच जिवाला घोर.

पुढच्या उन्हाळ्यात मी बॅग घेऊन चारही मजले न थांबता चढले. काय ती ऐट! बेल वाजवली. दार उघडेना. मग आतून काहीतरी फरशीवर घासत आल्याचा आवाज आला. दार उघडलं, तर आई वॉकर धरून उभी.

माझ्या हातातली बॅग गळून पडली. "अगं बाई! हे काय? कधी?"

"दिवाळीत पाय घसरला. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. तुझ्या दादाला मीच गप्प बसवलं."

"आणि तेव्हापासून घरातच?"

"मग? तू चढायला शिकत होतीस ना. म्हटलं, येईलच वर."

मी तिच्यावर ओरडले. फार ओरडले. मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले.

जिना उतरायला डॉक्टरांची परवानगी होती, तिला धीर तेवढा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मशीनवर उतरणं नसतंच, नुसतं चढायचं. मी तिच्याकडे तोंड करून एकेक पायरी उलटी उतरत होते, तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. तिचा भार माझ्या मांड्यांवर येत होता आणि त्या तो पेलत होत्या. दुसऱ्या मजल्यावर ती धापा टाकत पायरीवर बसली.

"चल ना गं, थोडंच राहिलंय," मी म्हटलं.

"मागच्या खेपेला तू इथेच बसली होतीस," आई म्हणाली. "मी केली होती का घाई?"

मी तिच्या शेजारी बसले.