दमट चॉक

मुंबईचा माणूस मालवणात उतरला की पहिल्या दिवशी समुद्र बघून खूष होतो आणि दुसऱ्या दिवशी पापड वातड का म्हणून विचारतो. इथे सगळंच वातड होतं. काड्यापेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आम्ही त्याला सरावलो आहोत. पण या हवेने आमच्या घरातल्या बिलियर्ड्सच्या चॉकचं जे केलं, आणि त्यावर तिघा म्हाताऱ्यांनी जी अक्कल पाजळली, तिला सरावणं मला अजून जमलेलं नाही.

तिघांतले एक माझे वडील. बाबा मुंबईच्या एका जुन्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे साहेबलोक खेळत असताना गुण मांडणारा, बॉल जागच्या जागी ठेवणारा, क्यूची काठी पुसून तिच्या टोकाला चामड्याची टिप बसवणारा माणूस. त्याने मेंबरांना खेळ शिकवायचा, पण त्यांना फार हरवायचं नाही. बाबांनी आयुष्यभर असं मुद्दाम हरून दाखवलं आणि त्याचा वचपा निवृत्तीनंतर आमच्या गावावर काढला. क्लबाने एक जुनं टेबल काढलं, ते बाबांनी पदरात पाडून घेतलं. कसालला हायवे सोडून तो ट्रक मालवणच्या रस्त्याला लागला तेव्हा ड्रायव्हरला वाटत होतं की आत देवळाच्या फरशा आहेत. त्या टेबलाच्या दगडी लाद्या होत्या. पडवीला भिंती घालून ते आत बसवलं, आणि घरात पाहुण्याला बसायला जागा उरली नाही.

बाकीचे दोघे म्हणजे शेजारचे निवृत्त एसटी कंडक्टर आणि बंदरावर सुक्या मासळीचा व्यापार करणारे चाचा. कंडक्टरांना खेळ येत नव्हता, मत मात्र प्रत्येक फटक्यावर होतं. चाचांना थोडा येत होता, पण ते खेळायला येत की आपल्या घरच्या टीव्हीपासून पळायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता चॉक. निळा, चौकोनी, काड्यापेटीहून लहान ठोकळा. खेळाडू दर फटक्याआधी तो क्यूच्या टिपेवर घासतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरत नाही. कोरडा असला की त्याची बारीक पूड टिपेला नीट धरते. दमट झाला की तोच ठोकळा वरून साबणासारखा गुळगुळीत होतो. कितीही घासा, पूड सुटत नाही, सुटली तर गठळ्या होऊन एका जागी बसते, आणि ऐन फटक्याला क्यू सटकतो. टिपेचं चामडंही ओलावा पिऊन मऊ पडतं. एवढं साधं आहे. पण साधी गोष्ट साधेपणाने केली तर ती पुरुषांची बैठक कसली!

पहिला उपाय बाबांचा. त्यांनी चॉक तांदळाच्या डब्यात पुरले. मुंबईत म्हणे मेंबरांचे मोबाइल पाण्यात पडले की असंच करत. चॉक काही सुकले नाहीत, कारण श्रावणातला आमचा तांदूळच मुळात दमट. मी मात्र एका सकाळी पेज वाढली आणि ती निळी निघाली. बाबांनी ताटाकडे बघून विचारलं, "ह्या काय?" मी म्हटलं, "तुमचो क्लब आसा, जेवा."

दुसरा उपाय कंडक्टरांचा. चॉक माणसाच्या अंगाजवळ ठेवायचा, अंगाची ऊब त्याला कोरडा ठेवते. त्यासाठी त्यांनी तो शर्टाच्या खिशात घालून दिवसभर बाजारात फिरवला. मालवणात, ऑक्टोबरच्या उन्हात, टेरिकॉटच्या शर्टात. संध्याकाळी परत आले तेव्हा छातीवर निळा डाग पडला होता आणि चॉकला घामाचा वास येत होता. तरी वर म्हणाले की कापड चांगलं असतं तर जमलं असतं.

मग चॉक चुलीवरच्या फळीवर चढले, जिथे आमची कोकमं आणि सोडे सुकतात. तिथे ते कोरडे झाले खरे, इतके की हात लावला की भुगा. वर धुराची काजळी आणि तेलाचा थर. त्या चॉकने खेळल्यावर पांढऱ्या बॉलला सुकटीचा वास येऊ लागला. चाचा म्हणाले, "माका तर बरो वाटता." त्यांना वाटणारच.

पण कळस चाचांनीच केला. जन्मभर मासळी मिठात घालून सुकवलेला माणूस. त्यांचं म्हणणं, "मीठ पाणी ओढता गो. मासो सुकता, मग चॉक कित्या सुकाचो नाय?" तिघांनी माना डोलवल्या. बरणीभर खडे मिठात नवे कोरे चॉक थरावर थर लावून घातले, वर फडकं बांधलं आणि बरणी मोठ्या मानाने टेबलाखाली ठेवली. मीठ पाणी ओढतं हे खरं. फक्त इथे ते मासळीतून नाही, हवेतून ओढतं, आणि ओढलेलं पाणी कुठे नेऊन ओतत नाही, त्यातच बसतं. पावसाळ्यात आपल्याच घरातल्या मिठाला पाणी सुटतं हे दिसत असूनही तीन माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रकाश पडू नये! बरणी उघडली तेव्हा आत निळं सार होतं. ती टेबलावर घेऊन उपसताना कंडक्टरांच्या हातून कलंडली आणि टेबलाच्या हिरव्या बनातीवर जो डाग पडला तो आजही आहे. पडवीत डोकावणारे पर्यटक त्याचा फोटो काढतात. त्यांना तो नकाशा वाटतो.

तेव्हा मी मध्ये पडले. माझं औषधाचं दुकान आहे. दमटपणाशी माझी रोजचीच मारामारी. गोळ्यांच्या बाटल्यांत 'खाऊ नये' असं लिहिलेल्या छोट्या पुड्या येतात, त्यांतले दाणे ओलावा पितात आणि बाहेर सोडत नाहीत. घट्ट झाकणाची एक डबी घेतली, तळाला त्या पुड्या टाकल्या, वर चॉक ठेवले, टिप घासायच्या खाचेची बाजू वर. लागेल तेवढा एकच बाहेर काढायचा, खेळ संपला की परत आत. पुड्या जुन्या झाल्या की बदलायच्या. दुकानातला हवेचा ओलावा दाखवणारा मीटरही पडवीत आणून टांगला. झालं. चॉक कोरडे राहिले. तिघांनी माझे आभार मानले नाहीत. आपणच हळूहळू या उपायापर्यंत येत होतो असं त्यांचं मत पडलं.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो सामना जत्रेच्या दिवसांत व्हायचा. मसुऱ्याचा एक माणूस बाबांच्या हाताखाली तयार झाला आणि त्यांच्या जागी त्या क्लबात मार्कर झाला. आंगणेवाडीच्या जत्रेला तो गावी आला की देवीचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतो आणि बाबांशी खेळतो. बाबा त्याच्याशी कधी हरले नाहीत. इथे मुद्दाम हरायचं नसतं, समोर मेंबर नसतो. बाबा वर्षभर जगत होते ते त्या एका दुपारसाठी, आणि यात मी काही वाढवून सांगत नाही. तो आला की त्यांचा आवाज बदलतो, पाठ ताठ होते. तो दिवस गेला असता तर बाबांकडे राहिलं असतं काय, एक डाग पडलेलं टेबल आणि दोन रिकामटेकडे शेजारी.

यंदा तो आला. हवा त्यातल्या त्यात कोरडी होती, मीटर मीच सकाळी बघितला होता. डबीतून नवा चॉक काढून मी स्वतः बाबांच्या हातात दिला. पहिल्याच फटक्याला क्यू सटकला. बाबांनी टिपेकडे बघितलं, चॉक पुन्हा घासला, वाकले, आणि पुन्हा सटकला. पांढरा बॉल लाजल्यासारखा जरासा सरकून थांबला.

"चॉक भिजलेलो, दुसरा काय!" कंडक्टर म्हणाले. "तरी मी सांगी होतंय, डबी-बिबी काय चलाची नाय."

माझ्या डबीतला चॉक भिजला! माझं डोकंच फिरलं. मीटर भिंतीवर होता, पुड्या कालच बदलल्या होत्या, आणि शर्टाच्या घामात चॉक वाळवणारा माणूस मला शहाणपण शिकवत होता. मी तोंड उघडलं. त्याच वेळी बाबा तिसऱ्या फटक्यासाठी वाकले आणि त्यांनी डावा हात बनातीवर टेकवला. त्या हाताच्या अंगठ्याच्या खाचेतून क्यू सरकतो. तो हात थरथरत होता. जोरात नाही, पण थांबतही नव्हता.

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला असे हात ओळखू येतात. रोज काउंटरवरून ते डॉक्टरची चिठ्ठी माझ्यापुढे करतात. आणि माझ्याच घरातला मला दिसला नव्हता. बाबा हल्ली चहा अर्धाच कप मागायचे, मला वाटलं साखरेला घाबरले. दाढीला न्हाव्याकडे जायला लागले, तेव्हा मी म्हटलं की म्हातारपणी रुबाब सुचतोय. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आता काय बोलते याची ते वाट बघत होते. मला फार भीती वाटली, आणि मला वाटतं त्यांनाही वाटली.

"काल झाकण लावूक इसारलंय मी," मी म्हटलं.

मग काय विचारता! कंडक्टरांना आकाश ठेंगणं झालं. चाचांनी पुन्हा मिठाचा विषय काढला. मसुऱ्याच्या माणसाने चॉक उचलला, अंगठा त्याच्या खाचेत फिरवला. त्याच्या बोटावर कोरडी, बारीक निळी पूड उतरली. त्याने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि बोट पँटला पुसलं.

"व्हय काका, भिजलेलो आसा," तो म्हणाला. "अशा चॉकान कोण खेळतलो? पुढच्या जत्रेक बघूया."

बाबांनी क्यू जागेवर लावला. मग मला म्हणाले, "गो चेडवा, इतक्या शिकलंस आणि एक झाकण लावक येणा नाय तुका?" आवाज ताठ होता.

तेव्हापासून या घरात चॉकचा विषय निघाला की माझा उद्धार होतो. निळी पेज करणारे, खिशात चॉक शिजवणारे, मिठाचं सार काढणारे तीन थोर पुरुष मला सांगतात की डबीचं झाकण कसं लावावं. मी ऐकून घेते. मीटर परत दुकानात नेला आहे. पुड्या डबीत टाकणं बंद केलं आहे. सकाळी दुकानात जाण्याआधी झाकण काढून डबी खिडकीत ठेवते, समुद्राकडच्या.

परवा बाबा एकटेच टेबलापाशी उभे होते. क्यू सटकल्याचा आवाज मी आतून ऐकला. बाहेर आले तर ते चॉक नखाने खरवडत होते. तो खरोखरच भिजला होता, साबणासारखा.

"हवा जरा सुकांदे," बाबा म्हणाले, "मगे दाखयतंय तुका."

मी होय म्हटलं. इथली हवा सुकत नाही.