पाल्यावाल्या बाई

२००३ साल. मी पंचावन्न वर्षांचा, रेल्वेच्या गँगचा मेट म्हणजे मुकादम, चौथी पास. रुळावरची माणसं माझा शब्द खाली पडू देत नसत. त्या साली जयपुरात मला तोंडावर 'नाही' म्हणणारं एकच माणूस भेटलं, ते म्हणजे पाल्यावाल्या बाई. बाईंचं नमस्कार-जयभीम मागाहून. आधी दारातूनच माझ्या नातीला विचारायच्या, "सोनू, पाणी प्यायलीस का?"

सोनूला सिकलसेल. आम्हा विदर्भातल्यांना हे नवीन नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि लेकरू हातपाय धरून रडतं. पाणी कमी पडलं की दुखणं उठतं, थंडी लागली तरी उठतं. आणि इथला उन्हाळा तसला, हिवाळाही तसलाच. शेजारणी म्हणायच्या, "नाटक करती है छोरी." मी ऐकून घेणाऱ्यातला नाही, पण कोणाकोणाशी भांडणार?

बाई साताऱ्याकडच्या. नवरा विम्यात साहेब, घर तिलक नगरला, आणि स्वतः कॉलेजात झाडपाल्यावर संशोधन करायच्या. पपईच्या पाल्याचा अर्क या रक्तावर काय करतो, हे त्यांना पाहायचं होतं. आमच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाला आल्या, त्या सरळ चटईवर बायकांत जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मला सिकलसेलवाल्यांचं थोडं रक्त हवंय. त्यानं आज कोणीही बरं होणार नाही, हे आधीच सांगते." मागायची ही काय रीत झाली? पण मला पटली. आमच्या क्वार्टरच्या अंगणात पपई होती. म्हटलं, "रक्तही घ्या, पालाही घ्या."

पाल्याबद्दल त्यांचे हट्ट फार. ऊन चढायच्या आत तोडलेला हवा, ओल्या फडक्यात बांधलेला हवा, आणि दर वेळी त्याच झाडाचा हवा. शेजारच्या झाडाचा का नको, म्हणून मी हुज्जत घातली. "झाड बदललं की सगळं पहिल्यापासून करायचं, काका. तुमच्या गँगमध्ये रोज नवी माणसं दिली तर चालेल?" मग मी त्याच झाडाला हात घातला.

एकदा त्यांनी कॉलेजात मला आणि सोनूला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. काचेवर सोनूच्या रक्ताचा थेंब, त्यात विळेच विळे. बाईंनी अर्क सोडला, थांबायला लावलं, पुन्हा पाहा म्हणाल्या. बरेचसे विळे गोल झाले होते! माझे पाय जमिनीवर राहीनात.

"आजोबा, मतलब मी ठीक झाली?" सोनू म्हणाली.

"झालीच समज! बाई, भरा बाटली."

"नाही."

"काहून नाही? माह्या डोळ्यानं पाहिलं मी."

"काचेवर पाहिलंत. पोटात गेल्यावर लिव्हरचं, किडनीचं काय होतं ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी लेकराला पाजणार नाही."

"मग ठेवा तुमच्यापाशीच. झाड माहं हाय, पाटा घरी हाय. दवाखान्याच्या गोळ्या बंद, पाला सुरू."

त्याच संध्याकाळी मी पाटा मांडला. पाला वाटतो न वाटतो तोच बाई ऑटोतून दारात. आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर फतकल घालून बसल्या. "वाटा. मी नाही अडवत. पण पाजलंत तर मी इथून हलणार नाही. तिला काही झालं तर दवाखान्यात न्यायला कोणी नको?" सुनेनं चहा दिला, त्यांनी तो बाजूला ठेवला. मीही वरवंटा सोडला नाही. शेवटी सोनूच म्हणाली, "आजोबा, पहले तुम्ही प्या ना."

मागे हटतो की काय? वाटी तोंडाला लावली. असलं कडू मी जन्मात चाखलं नव्हतं. ओकायला मोरीकडे पळालो. परतलो तर बाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "काय काका, झालात का गोल?" मग त्यांनी थंड झालेला चहा घेतला. मी पाटा धुऊन भिंतीला टेकवला.

सोनूची गोळी चालू राहिली, पाणीही. माझा पाला कॉलेजात जात राहिला. "लवकर शोधा बाई," मी म्हणायचो, "पोट्टी मोठी होऊन राहिली." त्या म्हणायच्या, "लवकर नाही, काका. नीट."

दोन वर्षांनी त्यांच्या साहेबांची बदली झाली. आम्ही स्टेशनवर गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. "अजून उत्तर मिळालं नाही, काका. काम आता दुसरे सर करतील. पण त्यांना झाड तेच लागेल."

"झाडाचं मी पाहतो. तुम्ही रडू नका."

"मी कुठे रडते?" म्हणाल्या आणि सोनूकडे वळल्या. तेवढ्यात गाडी हलली. त्यांनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. सोनूनं हातातली पाण्याची बाटली उंच धरून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी पाला तोडला, धुतला, ओल्या फडक्यात बांधला. सोनूला गोळी दिली, तांब्या रिकामा होईपर्यंत समोर उभा राहिलो. मग कॉलेज गाठलं.

फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "बाबा, मैडमजी तो कल चली गईं."

"मालूम है," मी म्हटलं. "फाटक खोल."