बाबलची जागा

अनंत गेल्यावर आज पहिल्यांदा त्याची गिटार पुसायला काढली. पेटी उघडली आणि गंजलेल्या तारांच्या वासाबरोबर त्याच्या कंट्री रॉक बँडची एक जुनी तालीम आठवली.

शुक्रवारची दुपार होती. आखातातल्या सित्रात उभ्या असलेल्या कंपनीच्या बसमध्ये तालीम चालायची, कारण बसचा ड्रायव्हरच ड्रम वाजवायचा. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या बाबलला त्या दिवशी ऐनवेळी शिफ्ट लागली होती. गाण्यात त्याची जागा आली तेव्हा अनंतने गिटार थांबवली. नुसता ड्रम हळू वाजत राहिला.

"तूच वाजव ना काहीतरी. लोकांना वाटेल, चुकलात," मी म्हणाले.

"वाटू दे. बाबल शिफ्टवर आहे, मेला नाहीये. त्याची जागा त्याचीच."

तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला. बँड मोडेपर्यंत त्यांनी तो नियम पाळला.

आज संध्याकाळी बाबल ती गिटार न्यायला आला. मीच बोलावलं होतं. बसल्या बसल्या त्याने माउथ ऑर्गनवर तेच गाणं धरलं आणि मध्येच थांबला. पाय मात्र ताल देत होता.

"विसरलात का भावजी?"

"नाय वहिनी. ही अनंताची जागा आसा."

मी गिटारची पेटी बंद करून पुन्हा कपाटावर ठेवली. बाबलने गाणं पुढे धरलं.